शेडवरच्या बाईलाही हा कायदा लागू आहे

आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. तासगाव भागातल्या दुसऱ्या दोन ग्रुपवरही तोच फिरतोय. मेसेज असा: ‘छळाचा कायदा ऑफिसातल्या बायकांसाठी आहे, रोजानं जाणाऱ्यांना लागू नाही. तक्रारीला साक्षीदार लागतो. सिद्ध झालं नाही तर बाईवरच केस होते. म्हणून भगिनींनो, मालकाला सांगून मिटवून घ्या.’ खाली सात-आठ जणींनी हात जोडलेत. यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि मला ते गप्प राहून सोडवत नाही.

आधी ‘रोजानं जाणाऱ्यांना लागू नाही’ याबद्दल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ सालचा. त्यात कर्मचारी कोण, हे स्पष्ट लिहिलंय: कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, थेट लावलेली किंवा ठेकेदारामार्फत आलेली, मूळ मालकाला माहीत असो वा नसो. घरकाम करणारी बाईसुद्धा त्यात आहे. म्हणजे बेदाण्याचं शेड, हळदीचं गोदाम, द्राक्षाचं पॅकहाउस, कापडाचं दुकान ही सगळी कामाची ठिकाणं झाली. मालकानं पाठवलेला टेम्पोही त्यातच येतो. सकाळी गावातून उचलून आणताना ड्रायव्हरनं अंगचटीला येणं हा ‘रस्त्यातला प्रकार’ म्हणून सोडून द्यायचा नाही.

हा कायदा मुळात ऑफिसातून आलेलाच नाही. राजस्थानात गावपातळीवर काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह रोखायचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली विशाखा निकाल दिला, कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले, आणि त्यातून पुढे हा कायदा झाला. खेड्यातल्या बाईच्या सोसण्यातून आलेला कायदा तिचा नाही, असं तिलाच सांगायचं?

साक्षीदाराचं म्हणाल तर मी स्वतः पाच हंगाम शेडवर निवडायला जात होते. पट्ट्यावरून बेदाणा सरकत येतो, दोन्ही बाजूंनी बायका बसतात, काड्या आणि काळे दाणे वेचतात. बोटं चिकट झालेली, मान खाली, मशीनचा आवाज. आमच्या तिथला मुकादम माझ्या शेजारणीच्या मागून वाकायचा आणि तिच्या खांद्यावरून पट्ट्यावर हात घालायचा. ‘हा दाणा राहिला’ म्हणायचा. दाणा राहिलेला नसायचा. तिनं जागा बदलली, पार टोकाला जाऊन बसली, तिथंही तो यायचा. मग तिनं यायचंच सोडलं. घरी सांगितलं, गुडघे दुखतात. मी पाहिलं होतं, तरी मीही बोलले नाही. असं कुठं सांगायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

असले प्रकार साक्षीदार ठेवून कोणी करत नाही. कायद्यात साक्षीदाराची अट नाही. चौकशी समिती दोन्ही बाजू ऐकते, परिस्थिती बघते. फोनवरचे मेसेज, त्याच दिवशी बहिणीला सांगितलेलं, अचानक काम सोडणं, हे सगळं समितीपुढे मांडता येतं. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.

सगळ्यात जास्त राग मला तिसऱ्या वाक्याचा येतो, कारण त्यानंच बायका घाबरतात. मुद्दाम, वाईट हेतूनं खोटी तक्रार केल्याचं किंवा खोटे कागद दिल्याचं चौकशीत ठरलं तरच कारवाई होऊ शकते. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून बाईवर कारवाई करता येत नाही, हे कलम १४ मध्येच लिहिलंय.

‘मिटवून घ्या’ याचं उत्तर थोडक्यात. समझोता फक्त बाईनं स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही.

जातीवरून बोलणं, पाण्याचा माठ वेगळा ठेवणं हे या कायद्यात येत नाही. पण म्हणून ते माफ नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला जातीवरून त्रास होत असेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, आणि त्यासाठी पोलीस ठाण्यात जावं लागतं.

आता जायचं कुठं? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, अध्यक्ष बाईच हवी. नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिची चौकशी सांगलीत जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. तालुक्यालाही तक्रार घ्यायला एक अधिकारी नेमायचा असतो, तो कोण हे तहसीलदार कचेरीत ठासून विचारा.

मुदत मात्र तीन महिन्यांची आहे. वारंवार घडत असेल तर शेवटच्या प्रकारापासून मोजायचे. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. माझ्या शेजारणीची मुदत कधीच सरली.

तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. तो वाचून कोणी गप्प बसली असेल तर तिची मुदत सरत चाललीय. तिनं माझ्याकडे यावं. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते, तक्रार लिहायला बसेन, आणि तिचं नाव माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही.