‘वॅट जास्त तर आवाज जास्त’: कार ऑडिओच्या एका लाडक्या सल्ल्याची उलटतपासणी

गाडीतली साउंड सिस्टिम बदलायचं कुणी नुसतं बोलून दाखवलं, की त्याच्या फोनवर एक मजकूर येऊन पडतोच. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण गाभा ठरलेला: ज्यावर सगळ्यात जास्त वॅट लिहिलेत तोच अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) घ्या, कमी वॅटच्या अ‍ॅम्पने स्पीकर जळतात, मोठा सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर) ‘स्लो’ असतो, छोटाच घ्या, बासच्या ठोक्याला हेडलाइट मंद होत असतील तर वीज साठवणारा कपॅसिटर लावा, आणि अ‍ॅम्पवरची ‘गेन’ची खुंटी पूर्ण फिरवा, नाहीतर अ‍ॅम्पचे पैसे पाण्यात. पाचही गोष्टी इतक्या ठणकावून सांगितलेल्या, की वाचणारा शंका घ्यायला कचरतो. आपण घेऊ.

‘सगळ्यात जास्त वॅटचा अ‍ॅम्प घ्या.’

हा आकडा येतो कुठून, ते आधी बघू. स्टिरिओच्या तोंडावर ‘५० वॅट × ४’ असं छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि स्टिरिओच्या आतल्या चिपला तेवढ्यावरच भागवावं लागतं. १४.४ चा वर्ग करा, स्पीकरच्या रोधाने, म्हणजे ४ ओहमने भागा: ५१.८ वॅट. सापडले ते ५०! फक्त हे गणित खरं ठरायला आवाजाची लहर पूर्ण चौकोनी व्हावी लागते, म्हणजे गाणं पार फाटलेलं असावं लागतं. स्वच्छ लहरीला त्याच्या निम्मे, २६ च्या आसपास मिळतील. चिपमध्ये जे व्होल्ट खर्ची पडतात ते वजा केले की हातात १८ ते २० वॅट उरतात. कंपनीने आकडा हवेतून काढलेला नाही, सोयीचं गणित तेवढं निवडलंय.

अ‍ॅम्पच्या बाबतीत खोक्याकडे न बघता फ्यूजकडे बघा. समजा वर ‘२००० वॅट’ आहे आणि बाजूला ३० अँपिअरचा एकच फ्यूज खोचलाय. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट. ही झाली आत जाणारी वीज. क्लास डी अ‍ॅम्प त्यातली ८० टक्के स्पीकरपर्यंत पोचवेल असं उदार मनाने धरलं, तर ३४५ वॅट. जुन्या धाटणीचा क्लास एबी असेल तर २५० च्या आतच. फ्यूज क्षणभर जास्त प्रवाह सहन करतो, त्यामुळे हा अंदाज आहे, काटेकोर माप नव्हे. पण ३४५ चे २००० कुठल्याही उदारपणाने होत नाहीत. यासाठी २००३ पासून एक मापदंडही आहे, सीईए-२००६, आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात: १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर, १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती न येता सतत किती वॅट निघतात ते सांगायचं. अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात हा उल्लेख दिसला तर तो आकडा धरून चालायला हरकत नाही. नुसतं ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ दिसलं तर पान उलटा.

आणि खरेच दुप्पट वॅट मिळाले तरी काय होतं? ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ७५ चा अ‍ॅम्प सोडून १०० चा घेतला तर फरक सव्वा डेसिबलचा, तो डोळे मिटून ओळखणं कठीण. उलट ३ डेसिबल जास्त संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त जोरात वाजणारा स्पीकर घेतला, तर तोच आवाज निम्म्या वॅटमध्ये मिळतो. इथेही एक खोच आहे. काही कंपन्या संवेदनशीलता १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ८ ओहमच्या स्पीकरवर दोन्ही एकच. पण गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे, आणि तिथे २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट. कागदावर ३ डेसिबल फुकट वाढतात.

‘कमी वॅटच्या अ‍ॅम्पने स्पीकर जळतो.’

हे खरं असतं तर आवाज हळू ठेवून गाणी ऐकणाऱ्या प्रत्येकाचे स्पीकर जळाले असते. तेव्हा कितीही मोठा अ‍ॅम्प स्पीकरला एखाद-दुसराच वॅट देत असतो.

यात सत्याचा अंश आहे, तो असा. छोट्या अ‍ॅम्पकडून झेपत नाही इतका आवाज मागितला की लहरीचे माथे कापले जातात, म्हणजे अ‍ॅम्प क्लिप होतो. स्वच्छ ५० वॅट देणारा अ‍ॅम्प पूर्ण क्लिप झाला की १०० पर्यंत जाऊ शकतो. शिवाय माथे कापल्यामुळे गाण्यातला चढउतार सपाट होतो, सरासरी शक्ती वाढते आणि वरच्या पट्टीतला वाटाही वाढतो. हा वाढीव वाटा जातो ट्वीटरकडे, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे, ज्याची व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) नाजूक असते. म्हणून आधी ट्वीटर जातो आणि दोष ‘कमी वॅट’वर येतो. जळतो तो उष्णतेने, आणि उष्णता येते जास्त वॅटमधूनच.

दुसरं मरण यांत्रिक असतं, ते या मजकुरात नाहीच. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ३० हर्ट्झ वाजवायला लावलं की कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) मर्यादेबाहेर धावतो, कॉइल आपटते, कडा फाटते. ७०-८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) लावला की हा धोका बहुतांश टळतो आणि तोच स्पीकर मोकळेपणी गातो. माझ्या मते अ‍ॅम्पचे आरएमएस (सतत मिळणारे) वॅट स्पीकरच्या आरएमएसपेक्षा थोडे वर असावेत, पण ते कमी आहेत म्हणून चांगला अ‍ॅम्प नाकारण्यात अर्थ नाही.

‘मोठा सबवूफर स्लो असतो.’

५० हर्ट्झ वाजवणारा कोन सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, मग तो ८ इंची असो की १२ इंची. मागे पडला असता तर सूरच बदलला असता. मोठा कोन जड असतो हे खरं, पण त्याला ढकलणारं चुंबकही तसंच दणकट असतं.

हवा ढकलण्याचा हिशेब मात्र मोठ्याच्या बाजूने आहे. १२ इंची कोनाचं काम करणारं क्षेत्रफळ साधारण ४८० ते ५०० चौरस सेंटिमीटर, ८ इंचीचं २१० ते २२०. तेवढीच हवा हलवायला छोट्याला दुपटीहून जास्त धाव घ्यावी लागते. त्यात स्वर एक सप्तक खाली गेला की तोच आवाज टिकवायला धाव चौपट लागते: ८० हर्ट्झला १ मिलिमीटर, तर ४० ला ४. छोटा सबवूफर दमतो तो इथे, आणि तो दमल्यावर जे ऐकू येतं त्याला बास म्हणवत नाही.

मग लोकांना मोठा सबवूफर घुमल्यासारखा का वाटतो? बहुतेक वेळा बॉक्समुळे. ऑस्ट्रेलियन अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे गणित मांडून ठेवलंय. स्पीकरच्या कागदावर दिसणारे थील-स्मॉल आकडे ते हेच. त्यांवरून कुठल्या सबवूफरला किती लिटरचा बॉक्स हवा ते निघतं. सीलबंद बॉक्स गरजेपेक्षा लहान केला की एका ठरावीक पट्टीत उंचवटा येतो आणि प्रत्येक गाणं त्याच एका सुरात ‘बूम बूम’ करतं. डिकीत जागा कमी म्हणून १२ इंचीला ८ इंचीच्या बॉक्समध्ये कोंबायचं आणि वर त्यालाच स्लो म्हणायचं, हा अन्याय आहे.

सीलबंद की पोर्टवाला (हवेला बाहेर यायला नळी ठेवलेला)? सीलबंद बॉक्सचा आवाज खाली जाताना सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो. बंद गाडीत मात्र खालच्या पट्टीला केबिनचीच मदत मिळते आणि ही घसरण बरीचशी भरून निघते. पोर्टवाला त्याच्या ठरवलेल्या पट्टीजवळ जास्त जोरात वाजतो, पण त्या पट्टीच्या खाली कोनाला आधार उरत नाही, म्हणून सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारा) लावायलाच हवा. जागा आणि धीर दोन्ही कमी असतील तर सीलबंद बरा.

अ‍ॅम्पशी जोडी जमवताना ओहमही बघून घ्या. ४+४ ओहमच्या दुहेरी कॉइलचा सबवूफर २ किंवा ८ ओहमला जोडता येतो, २+२ चा १ किंवा ४ ला. अ‍ॅम्प २ ओहमपर्यंतच टिकत असेल तर दुसऱ्या प्रकाराला ४ वरच समाधान मानावं लागेल.

‘हेडलाइट मंद होतात? कपॅसिटर लावा.’

१ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना साधारण ३२ ज्यूल देतो. १००० वॅट ओढणाऱ्या अ‍ॅम्पला ते पुरतात ०.०३ सेकंद. ढोलाचा एक ठोकाही त्याहून लांब असतो. आणि रिकामा झालेला कपॅसिटर पुन्हा भरायचा कुणी? त्याच थकलेल्या आल्टरनेटरने, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनित्राने. विहीर आटली असताना दारात आणखी एक हंडा ठेवून पाणी वाढत नाही.

त्यापेक्षा मल्टिमीटर काढा. जोरात बास चालू असताना एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, एकदा अ‍ॅम्पच्या. बॅटरीवर १४ टिकून आहेत आणि अ‍ॅम्पवर १२ दिसतात, तर दोष वायरचा किंवा अर्थिंगचा: वायर बारीक, नाहीतर अर्थचा बोल्ट रंग न खरवडता आवळलेला. दोन्हीकडे पडत असतील तर आल्टरनेटर किंवा बॅटरी कमी पडतेय. वायर घेताना तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नाही ना, हे एक टोक कापून बघा. आत चंदेरी दिसलं तर त्याच जाडीत ती तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश वीज वाहून नेईल.

‘गेन पूर्ण फिरवा.’

गेन हा व्हॉल्यूम नाही. स्टिरिओकडून किती व्होल्टचा सिग्नल येतो ते अ‍ॅम्पला सांगायची ती सोय आहे. स्टिरिओ ४ व्होल्ट देतो आणि गेन ०.२ वर नेऊन ठेवलाय, तर व्हॉल्यूम अर्ध्यावर जायच्या आतच अ‍ॅम्प क्लिप होईल आणि गाणं थांबलं की सरसर ऐकू येईल ती वेगळीच. स्पीकर काढून ठेवा, बास बूस्ट बंद करा, टेस्ट टोन लावा, व्हॉल्यूम आवाज न फाटता जातो तिथवर न्या आणि एसी व्होल्ट मोजत गेन वाढवा. किती व्होल्टला थांबायचं? वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ. ७५ वॅट ४ ओहमला १७.३ व्होल्ट, ३०० वॅट २ ओहमला २४.५. बास बूस्टला हात न लावलेलाच बरा. १२ डेसिबल वाढवले की त्या पट्टीत सोळापट वॅट मागितले जातात.

त्या मजकुरात दोन गोष्टी अजिबात नाहीत. एक, दार. स्पीकरच्या मागून निघणारी लहर दाराच्या पत्र्यातल्या भोकांतून पुढे आली की पुढच्या लहरीला मारते आणि बास नाहीसा होतो. ती भोकं बुजवली की जुन्याच स्पीकरमध्ये जीव येतो. दोन, बॅटरीजवळचा फ्यूज. अ‍ॅम्पवर आधीच फ्यूज आहे म्हणून हा टाळतात. पण बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंतची वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर अ‍ॅम्पचा फ्यूज काहीच करू शकत नाही, कारण तो वायरच्या दुसऱ्या टोकाला आहे. म्हणून बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत वेगळा फ्यूज लागतो, आणि त्याचा आकडा अ‍ॅम्प किती वॅटचा आहे यापेक्षा वायर किती अँपिअर झेलते, त्यावरून ठरवायचा.