खुलासा: अमोनियम सल्फेटने प्रथिन 'मरत' नाही

लातूर-नांदेडकडच्या बी.एस्सी.च्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'अमोनियम सल्फेट टाकलं की प्रथिन उकडलेल्या अंड्यासारखं निकामी होतं, मग त्याने प्रथिन वेगळं करायचं ते प्रॅक्टिकल कशाला?' हे चुकीचं आहे.

अंडं उकडताना प्रथिनाची घडीच मोडते. अमोनियम सल्फेट हे मीठ (क्षार, खाण्याचं मीठ नव्हे) तसं करत नाही. ते पाणी स्वतःकडे ओढून घेतं, त्यामुळे प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून खाली बसतात. साका बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घाला, पुन्हा विरघळतो.

खात्री आपल्या ज्वारीवरच करता येते. मोड आलेली ज्वारी थंड बफरमध्ये वाटून गाळा, अर्कातलं अमायलेज (स्टार्च तोडणारं प्रथिन) मिठाने खाली बसवा, साका विरघळवून डायलिसिस करा, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून मीठ काढून टाका. मग स्टार्चच्या द्रावणात त्याचे काही थेंब टाकून थोड्या वेळाने आयोडीन घाला: निळा रंग उमटतच नाही किंवा फिका येतो, म्हणजे अमायलेजने स्टार्च तोडला. शेजारच्या नळीत उकळलेला अर्क ठेवा, तिथे गडद निळाच.

प्रथिन खरंच बिघडतं ते आपल्या घाईने. मीठ एकदम ओतलं, फेस येईपर्यंत ढवळलं, बर्फ न घेता मे महिन्यात टेबलावर ठेवलं तर दोष मिठाचा नाही. चिमटी-चिमटीने टाका, काचेची कांडी हळू फिरवा. आणि हो, खताच्या पोत्यातलं सल्फेट वापरू नका. त्यातल्या अशुद्धी प्रयोग बिघडवू शकतात.