नाचणी चार टक्के

माझ्या रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.1 निघाल्यापासून आमच्या घरी किराण्याची यादी सौ. करते आणि ती खिशात घालून मला सुपरमार्केटात धाडते. त्या दिवशी यादीत ज्वारी, मूगडाळ, लसूण आणि दही एवढेच जिन्नस होते. उपाशीपोटी दुकानात जायचे नाही असा दंडक असल्यामुळे पिठले आणि दोन भाकऱ्या खाऊन मी निघालो.

चार जिन्नस टोपलीत मावले असते, पण दाराशीच ढकलगाड्या उभ्या होत्या. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी आवरते घेते, हे हेरून 1937 साली ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने ही गाडी आणली, आणि त्या गृहस्थाचा हेतू मी त्या दिवशी एकट्याने तडीस नेला. दही नेमके अगदी मागच्या भिंतीशी ठेवलेले असल्याने तिथवर पोचायला बिस्किटे, शीतपेये आणि फरसाण असे तीन घाट ओलांडावे लागतात. फरसाणाकडे मी ढुंकूनही पाहिले नाही, याची नोंद व्हावी. मी घसरलो तो ‘पौष्टिक’ अशी पाटी लावलेल्या फळीपाशी. साधी चकली दिसली तर मन सावध होते. परंतु तीच चकली कपाळी ‘मल्टिग्रेन’ असे गंध लावून आली की तिच्या पाया पडावेसे वाटते. त्यातच नाचणीची बिस्किटे एकावर एक मोफत होती.

घरी सौ.ने चष्मा लावला आणि पुडा उलटा केला. वजनाने जे जास्त ते आधी छापायचे असा नियम असल्यामुळे घटकांची सुरुवात मैद्याने झाली, मग साखर, मग पामतेल, आणि मिठाच्या जरासे अलीकडे नाचणी, चार टक्के.

“पुड्यावरच्या चित्रात याहून जास्त नाचणी आहे,” ती म्हणाली. “आणि ज्वारी कुठंय?”

ज्वारी राहिली होती.

तेव्हापासून मला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाठवले जाते, कारण तिथे माल त्याच्या पाठीमागे असतो आणि मागितल्याशिवाय हाती लागत नाही. काल त्याने अर्धा किलो मूगडाळ तोलली, माझ्याकडे निरखून पाहिले आणि एक बरणी उघडत म्हटले, “काका, डाएटचा चिवडा आलाय. चव तर बघा, पैसे नका देऊ.”

चव घेण्याबद्दल यादीत काहीच लिहिलेले नसल्याने मी हात पुढे केला.