पुंगळी काढायची नाहीये

कोल्हापुरात सायलेन्सरचं काम आहे म्हटलं की समोरचा माणूस पुढचं ऐकूनच घेत नाही. "पुंगळी काढायचीय?" एवढं विचारतो आणि पान्याकडे हात नेतो. पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या आतली, आवाज दाबणारी नळी; ती काढली की गाडी मोठ्यानं वाजते. मला गाडीचा आवाज कमी करायचा होता. हे वाक्य मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये उच्चारलं, तेव्हा ग्राइंडरवरच्या पोरानं ग्राइंडर बंद केला. मिस्त्रींनी तोंडावरची काच वर सरकवली.

"कमी?" ते म्हणाले. "म्हंजे किती वाढवून कमी?"

गाडी म्हणजे येझदी मोटारसायकल, जुनी, टू-स्ट्रोक. मामांनी वापरून दिलेली. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. किक आणि गिअर एकाच दांड्यावर. मैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. 2022 साली येझदी हे नाव परत बाजारात आलं, पण ती गाडी फोर-स्ट्रोक, तिचा पार्ट हिला लागत नाही. हे मला पेट्रोल पंपावर, लग्नात, आणि एकदा तर मयताला गेलो असतानाही समजावून सांगावं लागलं आहे.

तर इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा डावा बेंड पाइप इंजिनापासून वीतभर अंतरावर कुजला होता. आमच्याकडचा पाऊस आणि आतलं जळकं तेल, दोघांनी मिळून त्याला दोन्हीकडून खाल्लं. भोकातून फाट्-फाट् आवाज यायचा आणि पेट्रोलमध्ये मिसळाव्या लागणाऱ्या टू-टी ऑइलचा काळा चिकट रस गळायचा. मागे एका बाजूला बसणाऱ्या बाईचे पाय याच बाजूला येतात. बायकोच्या रेनकोटचा एक तुकडा पाइपवर वितळून बसला होता. निळा, तळहाताएवढा. त्यात प्रेस बटणाचा गोल ठसासुद्धा स्पष्ट दिसायचा. गाडी तापली की त्याला अजून वास सुटायचा, आणि वास सुटला की मागून त्या रेनकोटची किंमत ऐकू यायची.

बाजारात डुप्लिकेट बेंड मिळतो. तो येझदीचा आहे असं पिशवीवर लिहिलेलं असतं, येझदीशी त्याचा संबंध तेवढाच. सिलिंडरच्या तोंडाला बसवला तर मागचं टोक फूटरेस्टमधून जायला बघतं. म्हणून पाइप बनवूनच घ्यायचं ठरलं.

मिस्त्रींनी आधी रॅकवरून चकचकीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप काढला. मी नको म्हणालो. जस्त 907 अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला पंधराशेच्या आसपास लागतात. म्हणजे लोखंडाला घाम फुटायच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर होऊन वेल्डरच्या नाकात जातो, आणि संध्याकाळी त्याला हुडहुडी भरून ताप येतो.

"येतो की," मिस्त्री म्हणाले. "गूळ खायचा."

गुळानं धातूचा धूर उतरतो याला वैद्यकाचा आधार नाही. पण कोल्हापुरात उभं राहून गुळाविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. मी नुसतंच साधा एमएस, म्हणजे बिनमुलाम्याचा लोखंडी, पाइप द्या म्हणालो. मग त्यांनी थ्री-नॉट-फोर स्टेनलेसचा आग्रह धरला, "जन्माची कटकट जाईल सायेब." जन्माची जाईल खरी. पण तो जुन्या लोखंडी सायलेन्सरला जोडायला वेगळी फिलर तार लागते, वेल्ड करताना पाइपाच्या आतही आरगॉन वायू सोडावा लागतो, नाहीतर जोडाच्या आत काळा खरबरीत रवा धरतो, आणि एवढं करून तापल्यावर तो आधी सोनेरी आणि मग निळा पडतोच. दराचा आकडा ऐकल्यावर मला लोखंडाची जास्तच ओढ वाटू लागली. सोळा गेज जाडीच्या लोखंडावर सौदा ठरला.

पाइप वाकवण्याची कला मात्र बघत राहावी अशी. नुसता वाकवला तर वळणावर पिचतो, म्हणून आत वाळू ठासून भरतात. ती वाळू आधी पोरानं पत्र्यावर, चिवड्याचे पोहे भाजावेत तशी, मंद आचेवर हलवत हलवत भाजली. वाळूत ओल राहिली तर तापल्यावर वाफ होते आणि टोकाला ठोकलेला लाकडी गुट्टा तोफगोळा होऊन सुटतो. "समोर उभारू नका," पोरगं म्हणालं. मी शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. मिस्त्रींनी गॅसच्या ज्योतीनं पाइप लाल केला, जुना बेंड शेजारी ठेवून त्याच्यावर नजर मारली, आणि माप न घेता एका दमात वाकवला. दोन्ही शेजारी धरले तर मधे पोस्टकार्ड जाईना.

खरी गंमत जोडताना झाली. वेल्डिंगची सीओटू गन लावून पहिला टाका मारताच सायलेन्सरच्या मागच्या टोकातून हातभर जाळ निघाला. आत वर्षानुवर्षांचं तेल बसलेलं, ते पेटलं. वेल्डवर बारीक बारीक पिनहोल आले. मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या मामांची शरम वाटली.

"तेल लई घालताय तुम्ही."

मग सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात भिजत पडला आणि मी रिक्षानं फिरलो. दुसऱ्या वेळी टाका छान बसला, एकावर एक नाणी कलंडून ठेवल्यासारख्या कडा आल्या म्हणता आलं असतं, पण मिस्त्रींनी कौतुक करायच्या आतच त्यावर ग्राइंडर फिरवला. स्वतःची सही पुसून टाकणारा कलावंत मी तेव्हा प्रथमच पाहिला.

आतली जाळीची नळी धुऊन बाहेर ठेवली होती. मिस्त्रींनी ती हातात घेतली, उलटसुलट केली. "ही न्हाईच बसवली तर?" त्यांच्या आवाजात आशा होती.

मी त्यांना सांगितलं की टू-स्ट्रोकचं सायलेन्सर म्हणजे नुसती धुराची मोरी नव्हे. तिथून उलट फिरणारा दाबच ताजं पेट्रोल सिलिंडरात परत ढकलतो. त्याचा आकार बिघडवला की आवाज वाढतो आणि जोर जातो. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी मोटार वाहन कायद्यातलं कलम 190 काढलं, दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिने लायसन गेलं ते वेगळंच. शिवाय पोलीस जप्त केलेले असले सायलेन्सर रस्त्यात मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवतात, हेही सांगितलं.

"बघितलाय की व्हिडिओ," मिस्त्री अभिमानानं म्हणाले. "त्यातले दोन आमचे होते. रोलर गेला तरी टाका तुटला न्हाई."

नळी बसली. उरला रंग.

सायलेन्सरचा रंग हा रंगाच्या जातीतला सर्वांत मानी प्रकार. सिलिकॉन रेझिनचा असल्यामुळे तो वाळतो, पण पक्का होत नाही. पक्का व्हायला त्याला भट्टी लागते. तोवर नखानं निघतो, पेट्रोलच्या थेंबानं धुऊन जातो. स्प्रेच्या डब्यावर मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं : आधी 120 अंश, अर्धा तास, मग थंड, मग 200, परत थंड, मग 315. आमच्या घरच्या ओव्हनची धाव 250 पर्यंत आणि पोट वीतभर. तरीही मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"त्यात मी केक करते," बायको म्हणाली. विषय संपला.

दुसरा मार्गही डब्यावरच होता : पाइप गाडीला लावून इंजिनाच्याच उष्णतेवर भाजा. दहा मिनिटं गाडी जागेवर चालू, वीस मिनिटं थंड, वीस मिनिटं चालू, परत वीस थंड, मग अर्धा तास फेरफटका. हे लिहिणारा माणूस गल्लीत राहत नसावा. शिवाय येझदी हवेवर थंड होणारी. उभ्या उभ्या चालू ठेवली तर पाइपाआधी इंजिनच भाजून निघायचं. म्हणून सिलिंडरसमोर स्टँडचा पंखा लावावा लागतो. आमच्या घरात तसा पंखा एकच आहे आणि त्याच्यासमोर एप्रिलच्या दुपारी वडील झोपतात.

"गाडीला उकडतंय?" त्यांनी उठून विचारलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. गाडीशी मात्र काहीतरी पुटपुटले.

पहिल्या दहा मिनिटांत रंगाचा कडवट धूर निघाला, त्यात टू-टीचा निळा धूर मिसळला. समोरच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे दोरीवरून असे ओढले की चिमटे आमच्या अंगणात येऊन पडले. कोणीतरी आग लागली का म्हणून बादली घेऊन आलं. निवृत्त मास्तर आले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "पुंगळी काढलेली दिसत्ये." आवाज पूर्वीपेक्षा निम्मा झाला होता. मी तसं सांगितलं. "हां, म्हणजे चांगल्या दर्जाची काढलीय," मास्तर म्हणाले.

रंगकामाला अवघ्या मानवजातीपासून एक धोका असतो. दाराला "ताजा रंग" अशी पाटी लावली की माणूस ती वाचतो आणि खात्री करायला बोट लावतो. पाइप कोमट झालेला, रंग अर्धाकच्चा, मी पाणी प्यायला आत गेलेलो.

"वाळला हो!" मास्तरांचा आवाज आला.

त्यांच्या अंगठ्याच्या रेषा अजून तिथे आहेत, अगदी भोवऱ्यासकट, 315 अंशांवर पक्क्या झालेल्या. त्यांना पेन्शनसाठी यंत्रावर अंगठा उमटत नाही अशी त्यांची तक्रार असते. इथे पहिल्याच फटक्यात उमटला.

फेरफटका मारून आलो तर सिलिंडरच्या तोंडाशी, पाइप आवळून धरणाऱ्या रिंग नटच्या खालून, काळ्या रसाचा एक थेंब. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "ते वेल्डिंग न्हाई, फिटिंग हाय." फिटरकडे गेलो. तो म्हणाला, "फिटिंग बरोबर हाय, पाइप तिरका हाय." मग दोघांना एकाच फोनवर बोलायला लावलं. त्यांनी एकमेकांच्या घरची चौकशी केली, ऊस किती लावला ते विचारलं, आणि दोघांनी मिळून दोष मैसूरच्या बंद कारखान्यावर ठेवला. शेवटी फिटरनं आतली तांब्याची रिंग बदलली आणि छिन्नी-हातोडीनं ठोकून नट आवळला. गळती थांबली. छिन्नी निसटून नटाशेजारचा रंग मात्र रुपयाएवढा उडाला.

"डबा उरलाय न्हवं?" तो म्हणाला. "टच-अप मारा. मग जरा गाडी चालू ठेवा जागेवर, दहा मिनिटं, वीस मिनिटं…"

घरी येऊन मी डबा नुसता हलवला. आतल्या गोळीचा खडखड आवाज झाला. समोर काकू दोरीवरचे कपडे काढायला लागल्या होत्या, आणि वडील पंखा उचलून आतल्या खोलीत नेत होते.