सट्ट्याची साइट पारखण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

बैल घेताना दात पाहायचे, बियाण्याच्या थैलीवरचा लॉट नंबर वाचायचा, काट्यावर मालाच्या वजनातून दोन किलो कट्टी जास्त कापली की अर्धा तास भांडायचं, एवढी पारख विदर्भातल्या कास्तकाराला शिकवावी लागत नाही. पण कापसाचा चुकारा हाती आला आणि फुटबॉल-घोड्यांवर पैसे लावायची साइट निवडायची वेळ आली, की ही सगळी हुशारी खुंटीला टांगा. इथले निकष वेगळे आहेत. पानठेल्यावर खर्रा घोटून होईस्तोवर ते शिकून होतात.

आधी रंग पाहा. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे नाचत असावेत आणि ‘आत्ताच अमुक भाऊंनी ८७,००० जिंकले’ अशी पट्टी सरकत असावी. अमुक भाऊ कोण, हे आजवर कुणी विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका. ॲप प्ले स्टोअरवर सापडत नसेल तर ते खास माणसांसाठी आहे असं समजा. फोन ‘अज्ञात स्रोत’ म्हणून इशारा देतो. फोनचं काय मनावर घ्यायचं!

मग तळाशी बारीक अक्षरात परवाना शोधा. तो बहुधा कुरासाओचा निघतो. हे कॅरिबियन समुद्रातलं, नेदरलँड्सच्या राज्यातलं बेट. वस्ती दीडेक लाख, म्हणजे आपल्याकडचा एक तालुका. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाला पात्र ठरलेला हा आजवरचा सर्वांत कमी लोकसंख्येचा देश, तेव्हा फुटबॉलशी त्यांचा संबंध काय असं कुणी म्हणू नये. पैसे अडकले तर दाद तिथंच मागायची. पंचनाम्यासाठी तलाठ्याला गाठून दाखवलेल्या माणसाला बेटावरचा साहेब काय जड आहे?

आपल्या देशातला कायदा विचाराल तर तोही निम्माच वाचा. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठरवला. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे वाक्य पाठ करा. साइटच बेकायदा म्हटल्यावर बुडालेल्या पैशांसाठी भांडायचं कुणाशी, हे पुढचं वाक्य सोडून द्या. आणि कुणी फारच छळलं तर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तोंडावर फेका: घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. तो निकाल मद्रासच्या रेस क्लबच्या खटल्यातला, खऱ्या मैदानावरच्या खऱ्या घोड्यांबद्दलचा. साइटवर दर काही मिनिटांनी पळणारे ‘व्हर्च्युअल’ घोडे संगणकानं काढलेले असतात. पण त्यांनाही चार पाय दिसतात, तेवढं पुरे.

आता भाव. एका सामन्यात यजमान संघाला २.१०, बरोबरीला ३.२० आणि पाहुण्यांना ३.४० असा भाव दिसतो, म्हणजे लावलेल्या एका रुपयाला जिंकल्यावर मुद्दलासकट एवढे रुपये परत. जिकडून पाहावं तिकडून फायदाच! यात हिशेबाला बसायचं नाही, कारण बसलात तर उगाच जीव कष्टी होतो. काहीही निकाल लागला तरी हजार रुपये परत यावेत म्हणून तिन्हीकडे पैसे लावून पाहिले, तर ४७६, ३१३ आणि २९४ लावावे लागतात. बेरीज १०८३. म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधीच ८३ रुपये कट्टी कापून झाली. बाजार समितीत एवढी कट्टी कापली असती तर तुम्ही काटा बंद पाडला असता. इथं मात्र ‘थँक्यू’ म्हणायचं.

बोनसवर तर डोळे झाकून भरवसा ठेवा. दहा हजार फुकट! अट एवढीच की तो वीस वेळा फिरवायचा, मग काढता येतो. वीस वेळा म्हणजे दोन लाखांचे डाव, आणि वरच्या दरानं त्यातली कट्टी सुमारे पंधरा हजार. दहा मिळवायला पंधरा घालवायचे, हे गणित सोयाबीनवाल्याला नवं नाही. निदान इथं फवारणी तरी करावी लागत नाही.

घोड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा: जे कळतं त्याच्यापासून लांब राहा. तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलांची जोडी दानीवर आली की तिची चाल, तिचा माज, धुरकऱ्याचा हात पाहून तुम्ही सांगता, “हे नाही टिकत बाप्पा.” ते ज्ञान इथं कुचकामी. तुम्ही लावायचे आयर्लंडमधल्या घोड्यावर, ज्याचं नाव वाचता येत नाही आणि तिथं काल पाऊस पडला की नाही हे माहीत नाही. ओल्या मैदानात काही घोडे खुलतात, काही बसतात. हँडिकॅप शर्यतीत तर चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन देतात, सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून. जोर असेल त्याच्यावरच बोजा टाकायची ही रीत कर्ज नियमित फेडणाऱ्याला चटकन समजेल.

आकड्याचं वेड आपल्याकडे नवं आहे असंही नाही. मुंबईचा मटका सुरू झाला तोच न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि मिटत्या भावांवर. ते भाव येणं थांबल्यावर चिठ्ठ्या मटक्यातून निघू लागल्या. कापूस पिकवणारा तेव्हाही भाव ठरवत नव्हता, पण त्याच्यावर आकडा लावायची मुभा त्याला होती. परंपरा मोडू नये.

फुटबॉलला मात्र आपला भाग अगदी सोयीचा. हिवाळ्यात युरोपातले मोठे सामने आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात, आणि हरभऱ्याच्या ओलितासाठी थ्री फेजची लाईनही रात्रीचीच. तुम्ही वावरात जागेच. एका हातात फावडं, दुसऱ्यात फोन. चालू सामन्यात पैसे लावताना एवढं लक्षात असू द्या, की तुमच्या फोनवरचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागं असतं आणि साइटकडची माहिती त्याच्या पुढं. गोल झालेला त्यांना आधी कळतो. तुम्हाला कळेस्तोवर भाव गोठतो, आणि बांध फुटून पाणी शेजारच्या वावरात गेलेलं असतं.

धीर खचला तर लेस्टर सिटी आठवा. २०१५-१६ च्या हंगामाआधी त्या संघाचा भाव ५००० ला १ होता आणि तो इंग्लंडची लीग जिंकला. हे एक वर्ष लक्षात ठेवलं की बाकीची आपोआप विसरतात.

टेलिग्रामवरचा ‘पक्की टीप’वाला गुरू तर हवाच. तो ८०० जणांना पकडतो. निम्म्यांना सांगतो हा संघ, निम्म्यांना तो. चुकलेल्यांना सोडतो, उरलेल्यांना पुन्हा निम्मं करतो. तीन सामन्यांनंतर १०० माणसं उरतात, ज्यांना त्यानं तिन्ही वेळा बरोबर सांगितलेलं असतं. चौथ्या टीपेची फी असते. या शंभरात असलात तर नशीबवान समजा.

आणि जिंकूच लागलात तर? ती सोय साइटनं केलेली आहे. सतत जिंकणाऱ्याची मर्यादा खाली आणतात, काढायला गेलं की ‘कागदपत्रं तपासणीत’. सतत हरणाऱ्याला व्हीआयपी म्हणतात आणि त्याला व्हॉट्सॲपवर स्वतःचा मॅनेजर मिळतो. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याला ऑनलाइन जुगारात ५८ कोटींचा फटका बसल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा पोलिसांना रोकड आणि सोनं गोंदियातल्या घरात सापडलं होतं. म्हणजे मालक विदेशातच असतो असं नाही. स्थानिकांनाही संधी आहे.

पैसे भरायला दर वेळी नवा क्यूआर येतो, नवं नाव. घाबरू नका, ती भाड्यानं घेतलेली खाती असतात. एखाद दिवशी जिंकलेले चार हजार तुमच्या खात्यात खरंच जमा होतात, आणि ते कुणाला तरी फसवून आणलेले निघाले की सायबर पोलीस खातं गोठवतात. नेमकं तेच, ज्यात पीएम किसानचे दोन हजार येतात. मॅनेजरला कळवा. तो लगेच विचारेल, “भाऊ, घरात दुसऱ्या कोणाचं खातं आहे काय?” मंडळीचं द्या. लाडकी बहीणचे दीड हजार त्यात दर महिन्याला येतात, आणि ओटीपी तसाही तुमच्याच फोनवर येतो.