कॅप्टन कुक जिथे राहिलाच नाही ते घर

मेलबर्नला आईबाबा आले की फिट्झरॉय गार्डन्समधलं कुक्स कॉटेज दाखवणं ओघाने आलंच. मी पाहुण्यांबरोबर इतक्यांदा गेलेय की तिकीट काढताना आता हसू येतं. पण परवा आईने दारातच विचारलं, "हे घर कोणाचं गं?" मी सवयीने म्हटलं कॅप्टन कुकचं, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर आलेल्या त्या इंग्रज दर्यावर्दीचं, आणि तिथेच अडकले, कारण दारावरच्या दगडात कोरलंय १७५५, आणि साहेब तर १७४५ मध्येच घर सोडून बाहेर पडलेले! फार तर आईवडिलांना भेटायला आले असतील. दगडावर आद्याक्षरं आहेत ती आईवडिलांची, जेम्स आणि ग्रेस. बाप शेतावर राबणारा माणूस, यॉर्कशरमधल्या ग्रेट आयटन गावात त्याने म्हातारपणी हे घर बांधलं. पाटीवरसुद्धा इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर आहे, म्हणजे कुक मंडळींचं घर, पण ते बघतो कोण.

इथे यायची गोष्ट तर भारीच. १९३३ मध्ये घर विकायला निघालं तेव्हा मालकीणबाईंची अट होती की घर इंग्लंडबाहेर जायचं नाही, मग समजावून समजावून 'इंग्लंड' खोडून 'साम्राज्य' (म्हणजे ब्रिटिश साम्राज्य, त्यात ऑस्ट्रेलियाही आलाच) करून घेतलं 😄 गावातली बोली होती ३०० पौंडांची, इथल्या रसेल ग्रिमवेड नावाच्या उद्योगपतीने ८०० मोजले. मग एकेक दगड सुटा करून २५३ पेट्या आणि ४० पिंपांत भरून सगळं बोटीने आलं, भिंतीवरच्या आयव्हीच्या वेलाच्या फांद्यांसकट! १९३४ मध्ये, शहराच्या शताब्दीला, या बागेत घर परत उभं राहिलं.

आता त्यांच्या मुलाच्या, म्हणजे कॅप्टन कुकच्या, नावाने चाललेल्या वादात या भिंतींवर रंगाने घोषणा लिहिल्या गेल्यात. इंग्रज आल्यावर इथल्या ज्या मूळ रहिवाशांची जमीन गेली त्यांचा राग मला कळतो, कुकची गोडगोड गोष्ट सांगून तो जाणार पण नाही. पण ती म्हातारा-म्हातारी कधी इथे आलीच नाहीत हो, त्यांचं घर आलं, तेसुद्धा त्यांना न विचारता. माझं म्हणणं एवढंच की आत गेल्यावर आधी त्यांच्याबद्दल सांगा, एवढ्याशा खोल्यांत शेतमजुराचा संसार कसा चालायचा ते सांगा, लेकाचं नंतर बघू.

आई मात्र वाकून वाकून चूलच बघत बसली. बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं की तिकडे गावात घराच्या जागी आता एक खांब आहे, आपल्या इथल्या किनाऱ्यावरच्या पॉइंट हिक्सचा ग्रॅनाइट नेऊन उभारलेला.

"घर देऊन दगड घेतला?" आई म्हणाली. बाबा तोवर आइस्क्रीम शोधायला निघाले होते.