'एक स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मुंबईच्या आसपासचे वृद्धाश्रम आणि कोकणातले वृद्धाश्रम यांच्या दर्जात मला दिसलेल्या फरकाबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर 'एक स्पष्टवक्ता' या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: "चार वृद्धाश्रम पाहून तुम्ही महाराष्ट्राचा नकाशा रंगवलात. आकडेवारी शून्य. दर्जा पैशावर ठरतो, जिल्ह्यावर नाही. कायद्यातला आकडाही चुकीचा दिलाय. आणि ज्यांनी स्वतःच्या आईला सोडलं त्यांनी इतरांना दर्जा शिकवू नये."

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम आणि त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय, असं म्हटलंय. मी १०० लिहिलं. चूक माझी. पण हे "ताई, आकडा तपासा" एवढ्यावरही सांगता आलं असतं. खोटं नाव घेऊन, दुसऱ्याच्या आईपर्यंत जाऊन सांगायची गरज नव्हती.

'सोडलं' हा शब्द तुम्ही किती सहज लिहिलात!

२०१८ साली आई गिरगावातल्या आमच्या चाळीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास बाहेरच्या गॅलरीच्या टोकाला. मी एकटी मुलगी आणि नोकरी फोर्टात. ऑपरेशननंतर पाच महिने ब्युरोच्या, म्हणजे शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या, बायका ठेवल्या, त्या पाच महिन्यांत सात बदलल्या. त्यानंतर तिला कर्जतकडच्या एका आश्रमात ठेवलं. होय, ठेवलं. दर रविवारी दोन तास लोकल आणि पुढे रिक्षा करून मी तिच्याकडे जात होते. याला तुमच्या भाषेत सोडणं म्हणतात का, ते जरा सांगा.

आठव्या आठवड्यात तिला पुसताना मला माकडहाडावर जखम दिसली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर दाबाखालची कातडी मरते. भिंतीवर कूस बदलल्याच्या वेळांचा तक्ता होता. मी त्या रात्री हट्टाने तिथेच थांबले. मध्यरात्री उठून तक्ता पाहिला, तर पहाटे २, ४ आणि ६ च्या रकान्यांत खुणा आधीच केलेल्या. २२ माणसं आणि रात्रीला दोन मावशी. त्यातली एक चार दिवसांपूर्वी ब्युरोने पाठवलेली, तिला आईचं नावही माहीत नव्हतं. मी त्या मावशीवर कधीच रागावले नाही. तुम्ही मात्र माझ्यावर रागावलात, तेही काही न पाहता.

तिथून आईला कुडाळजवळच्या एका लहान आश्रमात हलवलं. १६ माणसं. तक्ता नव्हताच. रात्रीच्या दोघी मुली त्याच वाडीतल्या, एक सहा वर्षं तिथे काम करत होती. जेवण नेणारे, दूध घालणारे सगळे ओळखीचे, त्यामुळे आत काय चाललंय ते गावाला कळायचं. मी कोकणकन्येने महिन्यातून एकदा जायचे, म्हणजे कर्जतपेक्षा कितीतरी कमी. तरीही जखम भरली आणि शेवटपर्यंत पुन्हा झाली नाही. मी 'प्रदेशाचा फरक' म्हटलं ते याला. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून आश्रम कर्जत, नेरळ, पनवेल, वसईकडे सरकतात. इमारत चकचकीत होते, पण माणसं ब्युरोची आणि आज इथे तर उद्या तिथे. कोकणातही सगळं गोड नाही, हे मी मूळ लेखातच लिहिलं होतं. २०२१ मध्ये आईच्या छातीत कफ भरला तेव्हा तिला थेट गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागलं. तो परिच्छेद तुम्ही वाचला नसावा.

पैशाचं म्हणाल तर कर्जतकडचा आश्रम कुडाळच्या जवळजवळ दुप्पट घेत होता. यावर मला आणखी बोलायचं नाही.

आकडेवारी मागता, पण ती येणार कुठून? वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि मंजूर न होताच राहिलं. केरळात अशा संस्थांच्या नोंदणीसाठी वेगळं नियंत्रण मंडळ आहे, आणि घरी-गावात शुश्रूषेचं धोरण त्यांनी २००८ मध्येच आणलं. २०११ च्या जनगणनेत तिथे साठीपुढची माणसं १२.६ टक्के होती, आपल्याकडे ९.९. आपणही त्याच वाटेने चाललोय, म्हणून तर मी लिहिते. चार आश्रम म्हणून हिणवता, पण ते चारही मी रात्री पाहिलेत. तुम्ही किती पाहिलेत, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

आई २०२२ मध्ये गेली, कुडाळलाच. मी जवळ होते. सहा वर्षं तिथे काम करणारी ती मुलगीही होती, आणि आईचं तोंड तिने पुसलं.

मूळ लेखात १०० च्या जागी आज १५० केलंय. तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, पण तिथे पुन्हा 'सोडलं' लिहिलंत तर मात्र काढेन.